मोजलेल्या व्होल्टेज-करंटवरून काढलेला रोध आणि वॅट जुळत नाहीत, तेव्हा काय तपासावे

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच स्वरूपाची असते. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजले, करंट मोजला, भागाकार करून रोध काढला, गुणाकार करून शक्ती काढली. आणि मग तोच घटक सर्किटमधून सोडवून मीटरच्या ओहम रेंजवर लावला तर तिथे निराळाच आकडा दिसतो, शिवाय वस्तूच्या पाटीवर छापलेले वॅट या दोन्हींशी जुळत नाहीत. अशा वेळी कोणी सूत्राकडे संशयाने पाहतो, तर कोणी मीटर खराब ठरवून मोकळा होतो. सूत्र मात्र अगदी साधे आहे: रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, आणि या दोहोंतूनच निघणारी आणखी दोन रूपे म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, किंवा व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. यात चुकायला फारशी जागा नाही. चूक बहुतेक वेळा सूत्रात घातलेल्या दोन आकड्यांच्या जोडीत असते. एक आकडा एका जागचा असतो आणि दुसरा दुसऱ्या जागचा, किंवा एक आत्ताचा आणि दुसरा मघाचा.

माझ्याच टेबलावरचे एक उदाहरण घेतो. बारा व्होल्टची एक तापपट्टी होती आणि तिच्यावर २४ वॅट असे छापलेले होते, म्हणजे हिशेबाने तिने २ अँपिअर घ्यायला हवे आणि तिचा रोध ६ ओहम असायला हवा. पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर मीटर १२.० व्होल्ट दाखवत होता आणि करंट १.७१ अँपिअर होता. भागाकार केला तर ७.०२ ओहम आले, गुणाकार केला तर २०.५ वॅट. पट्टी सोडवून ओहम रेंजवर लावली तेव्हा ६.३ ओहम दिसले. म्हणजे एकाच पट्टीचे तीन रोध झाले: पाटीवरचा ६, ओहम रेंजवरचा ६.३ आणि हिशेबाचा ७.०२.

व्होल्टेज त्याच घटकाच्या दोन टोकांवरचे आहे का

तपासणी येथूनच सुरू करावी, कारण सर्वांत जास्त घोटाळे येथे होतात. शालेय पुस्तकात ज्याला विभवांतर म्हणतात तो शब्द या बाबतीत ‘व्होल्टेज’पेक्षा अधिक नेमका आहे, कारण त्यात ‘अंतर’ आहे; ते नेहमी दोन बिंदूंमधले असते, आणि ते दोन बिंदू कोणते हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. सप्लायच्या टर्मिनलवरचे १२ व्होल्ट हे पट्टी, तिच्याकडे जाणारी वायर आणि मधला कनेक्टर या सगळ्यांचे मिळून आहेत. त्यांना करंटने भागले की सगळ्यांचा मिळून रोध येतो, एकट्या पट्टीचा येत नाही.

मीटरचे प्रोब सप्लायवरून काढून पट्टीच्या डागलेल्या टोकांना लावले तेव्हा १०.३ व्होल्ट दिसले. त्याला १.७१ ने भागल्यावर ६.०२ ओहम आले. ओहम रेंजवरच्या ६.३ मधले ०.३ ओहम मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचे होते. प्रोबची टोके एकमेकांना टेकवून पाहिली की तो आकडा लगेच दिसतो आणि तो वजा करायचा असतो. उरलेल्या हिशेबाने दोष कुठे आहे तेही सांगितले: १२.० मधून १०.३ गेले म्हणजे १.७ व्होल्ट वाटेत खर्च होत होते, त्याला १.७१ ने भागले की साधारण १ ओहम, आणि त्यात जळणारी शक्ती २.९ वॅट. पट्टीत प्रत्यक्ष १७.६ वॅट लागत होते. या दोहोंची बेरीज २०.५, म्हणजे पहिल्या गुणाकाराचा आकडा खोटा नव्हता, तो फक्त पट्टीचा नव्हता. कनेक्टरला बोट लावले तेव्हा चटका बसला. आतली पिन काळवंडलेली होती. कनेक्टर बदलल्यावर पट्टीवर ११.७ व्होल्ट आणि १.९४ अँपिअर मिळाले, म्हणजे २२.७ वॅट, आणि रोध पुन्हा ६.०३.

हीच चूक एलईडीच्या सर्किटात वेगळ्या वेशात येते. बारा व्होल्टच्या सप्लायवर एक पांढरा एलईडी आणि त्याच्या मालिकेत एक रेझिस्टर जोडलेला आहे, करंट १९.१ मिलिअँपिअर आहे. बाराला १९.१ ने भागले तर ६२८ ओहम येतात, पण रेझिस्टरवरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७० सांगतात. रेझिस्टर बिघडलेला नाही. त्याच्या दोन टोकांवर मोजले तर ८.९८ व्होल्ट मिळतात, उरलेले ३.०२ व्होल्ट एलईडीवर पडतात, आणि ८.९८ भागिले १९.१ मिलिअँपिअर म्हणजे बरोबर ४७० ओहम. शक्तीचा ताळाही येथे सहज घेता येतो: रेझिस्टरमध्ये १७१.५ मिलिवॅट, एलईडीत ५७.७ मिलिवॅट, आणि सप्लायकडून घेतलेले १२ गुणिले १९.१ म्हणजे २२९.२ मिलिवॅट. घटकांच्या शक्तीची बेरीज सप्लायच्या शक्तीइतकी भरली नाही, तर एखादे व्होल्टेज चुकीच्या जागी मोजले आहे किंवा एखादा घटक हिशेबातून सुटला आहे असे समजावे. हा ताळा मी प्रत्येक वेळी घेतो. त्याला अर्धे मिनिट लागते.

दोन्ही आकडे एकाच वेळचे आहेत का

मीटर एकच असला की आधी व्होल्टेज मोजायचे, मग मीटर सोडवून मालिकेत जोडायचा आणि करंट मोजायचा, असे करावे लागते. या दोन मोजमापांच्या मध्ये सर्किट बदललेले असते, ही गोष्ट सहज विसरली जाते.

बॅटरीच्या बाबतीत हे सर्वांत ठळक दिसते. जराशी वापरलेली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काहीही न जोडता मोजली तर ८.९ व्होल्ट दाखवते. तिला ४७ ओहमचा रेझिस्टर जोडून करंट मोजला तर ०.१६ अँपिअर मिळतो, आणि ८.९ ला त्याने भागले की ५५.६ ओहम. पण रेझिस्टर जोडलेला असताना बॅटरीचे व्होल्टेज ७.६ पर्यंत खाली आलेले असते, आणि ७.६ भागिले ०.१६ म्हणजे ४७.५ ओहम, जे पाच टक्के टॉलरन्सच्या (म्हणजे छापील आकड्यापासून तेवढा फरक चालणाऱ्या) रेझिस्टरसाठी अगदी योग्य आहे. हरवलेले १.३ व्होल्ट बॅटरीच्या आतल्या सुमारे ८ ओहम रोधात खर्च होतात. म्हणून व्होल्टेज नेहमी भार जोडलेला आणि चालू असताना मोजावे. रिकाम्या बॅटरीचा आकडा हिशेबात घालू नये.

गंमत अशी की ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो त्या गेऑर्ग ओहमलाही हीच अडचण आली होती. त्याच्या काळातल्या रासायनिक बॅटऱ्यांचे व्होल्टेज करंट घेताच ढळत असे, त्यामुळे आकडे जुळेनात. तेव्हा पोगेनडोर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांबे यांचे थर्मोकपल (तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) वापरले, ज्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवलेले असल्यामुळे व्होल्टेज स्थिर राहत होते. नियमाचे त्याचे सविस्तर विवेचन १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेळेचा दुसरा प्रकार तापमानाचा आहे. घटक गरम झाला की त्याचा रोध बदलतो, त्यामुळे थंड असताना ओहम रेंजवर घेतलेले मोजमाप आणि चालू असताना व्होल्टेज-करंटवरून काढलेला रोध हे दोन वेगळ्या तापमानांचे रोध असतात. तांब्याच्या वायंडिंगचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे मोटरचे वायंडिंग ५० अंशांनी तापले की १० ओहमचे जवळजवळ १२ ओहम होतात. टंगस्टनच्या तारेच्या दिव्यात हा फरक थक्क करणारा असतो. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या दिव्याचा पेटलेला असतानाचा रोध २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम. पण तोच दिवा थंड असताना मीटरवर ६० ते ७० ओहमच्या आसपास दाखवतो, कारण पेटल्यावर तार अडीच हजार अंशांच्या घरात तापलेली असते. समजा कोणी थंड रोध ६५ ओहम धरून शक्ती काढली, तर ८१४ वॅट येतात, आणि मग ‘साठ वॅटचा दिवा आठशे वॅट कसा घेतो’ असा प्रश्न विचारला जातो. तो घेतोही, पण बटण दाबल्यानंतरच्या अगदी पहिल्या क्षणापुरता. सेकंदाचा छोटासा अंश उलटेपर्यंत तार तापून करंट खाली आलेला असतो. जुने दिवे बहुधा बटण दाबतानाच का उडत, याचे एक कारण हेच.

हीटरच्या नायक्रोम तारेचा रोध मात्र तापल्यावरही फारसा बदलत नाही, त्यामुळे तेथे पाटीवरच्या वॅटवरून रोध काढणे बऱ्यापैकी विश्वासाचे असते. फक्त पाटीवरचे वॅट पाटीवरच्याच व्होल्टेजला खरे असतात. २३० व्होल्टला १००० वॅटचा हीटर म्हणजे ५२.९ ओहम, त्याला २०७ व्होल्टच मिळाले, म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर शक्ती ८१० वॅटवर येते, कारण येथे व्होल्टेजचा वर्ग लागतो. पाटी खोटी आहे असे ठरवण्याआधी त्या वेळचे व्होल्टेज पाहावे.

एककांचा घोळ

यावर फार लिहिण्यासारखे नाही, पण चुकणारे बरेच असतात. पाच व्होल्ट आणि २३ मिलिअँपिअर यांचा भागाकार ०.२१७ येतो, आणि तो ओहममध्ये नसून किलोओहममध्ये असतो, म्हणजे २१७ ओहम. गुणाकार ११५ येतो, तो मिलिवॅटमध्ये. व्होल्ट भागिले मिलिअँपिअर म्हणजे किलोओहम, व्होल्ट भागिले मायक्रोअँपिअर म्हणजे मेगाओहम, मिलिव्होल्ट भागिले मिलिअँपिअर म्हणजे सरळ ओहम, आणि व्होल्ट गुणिले मिलिअँपिअर म्हणजे मिलिवॅट, एवढे लक्षात ठेवले की शून्ये मोजत बसावे लागत नाही. आपोआप रेंज बदलणाऱ्या मीटरमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यातले एककाचे बारीक अक्षर मोजमाप चालू असतानाच बदलते, आणि नजर फक्त मोठ्या आकड्यावर असते. म्हणून आकडा लिहून घेताना एककही त्याच वेळी लिहावे. नखाएवढ्या सर्किटाचे उत्तर ११५ वॅट आले, तर मीटर न बघताही चूक कळायला हवी.

मीटर स्वतः सर्किटात बसलेला असतो

आता जरा नाजूक भाग. मीटर बाहेरून पाहणारा तटस्थ साक्षीदार नसतो. करंट मोजताना त्याच्या आतला शंट (करंट मोजण्यासाठी बसवलेला अगदी लहान रोध) आणि फ्यूज सर्किटाच्या मालिकेत येतात, आणि व्होल्टेज मोजताना त्याच्या आतला मोठा रोध घटकाला समांतर जोडला जातो.

३.३ व्होल्टवर ३३ ओहमचा रेझिस्टर आहे, करंट १०० मिलिअँपिअर यायला हवा. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटरचा फ्यूज आणि शंट मिळून १.८ ओहम असतील, तर एकूण ३४.८ ओहम होऊन करंट ९४.८ मिलिअँपिअरच येतो. आधी मीटर न लावता मोजलेले ३.३ व्होल्ट आणि मग मीटर लावून मोजलेला ९४.८ मिलिअँपिअर यांचा भागाकार केला की ३४.८ ओहम, म्हणजे साडेपाच टक्क्यांची चूक, आणि ती पूर्णपणे मीटरने आणलेली. दहा अँपिअरच्या रेंजवर शंट फारच लहान असतो, त्यामुळे ही चूक नाहीशी होते. पण साध्या मीटरवर तेथे दशांशानंतर दोनच आकडे दिसतात, आणि ०.१० दिसले तर ते ०.०९५ ही असू शकते आणि ०.१०५ ही. एकीकडून सुटावे तर दुसरीकडे अडकावे, असा हा प्रकार आहे. यावर मला सर्वांत पटलेला मार्ग म्हणजे मालिकेत १ ओहमचा, एक टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर कायमचा बसवून ठेवणे आणि करंट थेट न मोजता त्याच्यावरचे मिलिव्होल्ट वाचणे. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. रोध येथेही वाढतो, पण तो किती वाढला ते ठाऊक असते आणि दोन मोजमापांच्या मध्ये तो बदलत नाही. घटकावरचे व्होल्टेजही त्याच स्थितीत घेता येते, मीटरचे प्रोब तेवढे हलवायचे.

मोठ्या रोधाच्या बाबतीत उलटे घडते. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्टेज रेंजवरचा आतला रोध १० मेगाओहम असतो. १ मेगाओहमच्या दोन रेझिस्टरनी १० व्होल्ट विभागले तर मधोमध ५ व्होल्ट असायला हवेत, पण मीटर लावताच खालचा रेझिस्टर १० मेगाओहमला समांतर होऊन ०.९०९ मेगाओहमचा होतो आणि मीटर ४.७६ व्होल्ट दाखवतो. प्रोब काढला की पुन्हा ५ व्होल्ट, जे कोणीच पाहत नाही. सुईच्या जुन्या मीटरांत हा रोध याहून पुष्कळ कमी असतो, त्यामुळे तेथे चूक आणखी मोठी होते.

दोन मीटर उपलब्ध असतील तर व्होल्टमीटर कुठे लावायचा हा प्रश्न उभा राहतो: फक्त घटकावर, की घटक आणि अँपिअरमीटर या दोहोंवर मिळून? पहिल्या जोडणीत अँपिअरमीटरमधून व्होल्टमीटरचाही करंट जातो आणि रोध कमी येतो. दुसरीत अँपिअरमीटरचा रोध मिसळतो आणि उत्तर जास्त येते. कोणती जोडणी कमी चुकते, हे दोन्ही मीटरांच्या रोधांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की ठरते. अँपिअरमीटर १ ओहमचा आणि व्होल्टमीटर १० मेगाओहमचा असेल तर ते वर्गमूळ सुमारे ३.२ किलोओहम येते. घटकाचा रोध त्याहून कमी असेल तर व्होल्टमीटर फक्त घटकावर लावावा, जास्त असेल तर दोहोंवर.

एक ओहमच्या खालच्या रोधांसाठी ओहम रेंजवर विसंबूच नये. ०.१ ओहमचा शंट मीटरवर ०.४ दाखवतो, त्यातले ०.३ प्रोबच्या वायरींचे, आणि तेही टोके किती घट्ट दाबली यावर बदलत राहतात. येथे व्होल्टेज-करंटची पद्धतच सरस ठरते: शंटमधून मोजून १ अँपिअर सोडावा आणि करंटच्या जोडण्यांच्या आतल्या बाजूला, थेट शंटच्या अंगावर, दुसरे दोन प्रोब टेकवून मिलिव्होल्ट वाचावेत. १०० मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ ओहम. चार वायरींची ही पद्धत केल्विनच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यात वायरींचा रोध उत्तरात येतच नाही, कारण व्होल्टेजच्या वायरींतून जवळजवळ करंटच जात नाही.

करंट शून्य, रोध अनंत

एकदा माझी सबंध संध्याकाळ यात गेली. कोणत्याही सर्किटात मीटर लावला की करंट शून्य, आणि सर्किट मात्र मीटर काढून तार जोडली की नीट चाले. मी सोल्डरिंग पुन्हा केले, सप्लाय बदलला, आणि शेवटी मीटर उघडला तेव्हा आतला काचेचा फ्यूज काळा पडलेला दिसला. आदल्या दिवशी लाल प्रोब करंटच्या भोकात राहून गेला असताना मीच तो थेट सप्लायवर टेकवला होता. करंटच्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ साधी तारच असते, त्यामुळे तो शॉर्ट होऊन फ्यूज गेला. मीटर न उघडता याची तपासणी करण्याची सोय बऱ्याच मीटरांत असते: मीटर ओहम रेंजवर ठेवून लाल प्रोबचे टोक मिलिअँपिअरच्या भोकात घालावे, काही ओहम दिसले तर फ्यूज शाबूत आहे, काहीच दिसले नाही तर उडालेला आहे. फ्यूज त्याच रेटिंगचा घालावा, त्या जागी तार तर कधीच घालू नये. आणि घरातल्या मेन्सवर मीटर मालिकेत घालून करंट मोजण्याच्या फंदात पडू नये. त्यासाठी वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर किंवा प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर असतो.

क्लॅम्प मीटर शून्य दाखवत असेल तर बहुधा तो दोन्ही वायरींच्या भोवती मिळून लावलेला असतो. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना रद्द करतात. एकच वायर आत घ्यावी. करंट फार लहान असेल तर त्याच वायरीचे पाच वेढे जबड्यातून घ्यावेत आणि वाचन पाचने भागावे. साध्या क्लॅम्प मीटरला डीसी करंट कळतच नाही, हेही तपासून घ्यावे.

एसीवर भागाकार रोध देत नाही

एका लहान ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वायंडिंगचा रोध ओहम रेंजवर ४० ओहम दिसतो. मग २३० व्होल्टवर त्याने ५.७५ अँपिअर आणि १३२० वॅटच्या वर घ्यायला हवेत, म्हणजे क्षणात जळायला हवे. प्रत्यक्षात सेकंडरी मोकळी असताना तो ०.०५ अँपिअर घेतो आणि कोमट राहतो. २३० भागिले ०.०५ म्हणजे ४६०० ओहम. हा भागाकार रोध नसून इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा आहे, ज्यात वायंडिंगच्या इंडक्टन्सचा मोठा वाटा आहे. डीसीवर फक्त तांबे अडवते, एसीवर चुंबकीय क्षेत्रही अडवते.

शक्तीचेही तसेच. २३० गुणिले ०.०५ म्हणजे ११.५, पण हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. वॅटमीटर ४ वॅट दाखवत असेल तर पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, ०.३५ झाला. त्या ४ वॅटांतले तांब्यात जाणारे ०.०५ चा वर्ग गुणिले ४०, म्हणजे केवळ ०.१ वॅट, बाकीचे लोखंडी कोअरमध्ये उष्णता होऊन जातात. अर्थात एसीवर फक्त व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर घेऊन खरे वॅट काढताच येत नाहीत, अपवाद हीटरसारख्या निव्वळ रोधाचा. ९ वॅटच्या एलईडी दिव्याने २३० व्होल्टवर ०.०७५ अँपिअर घेतला तर १७.२५ व्होल्ट-अँपिअर होतात. दिवा दुप्पट वीज खात नाही, त्याचा पॉवर फॅक्टर ०.५२ आहे. शिवाय अशा दिव्याचा करंट छोट्या टोकदार ठोक्यांत वाहतो, आणि सरासरीवरून आरएमएस (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतका आकडा) दाखवणारा स्वस्त मीटर तो कमी वाचतो, कारण त्याचे प्रमाणीकरण फक्त साइन तरंगासाठी केलेले असते.

ऑसिलोस्कोपवरून व्होल्टेज घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. २३० व्होल्ट आरएमएसचे शिखर ३२५ व्होल्ट असते आणि शिखर ते दरी ६५० व्होल्ट. शिखराचा आकडा वर्ग करून रोधाने भागला तर शक्ती दुप्पट येते, शिखर ते दरीचा घातला तर आठपट. उत्तर बरोबर दोनपट किंवा आठपट चुकत असेल तर दुसरीकडे शोधूच नये.

पीडब्ल्यूएमवरचे फसवे उत्तर

हे सर्वांत फसवे, कारण येथे रोध बरोबर येतो आणि शक्ती चुकते. १२ ओहमचा हीटर १२ व्होल्टवर पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करण्याच्या पद्धतीने, निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असा चालवला आहे. डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतो: ६ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर. भागाकार १२ ओहम, अगदी बरोबर, आणि त्यामुळे गुणाकाराच्या ३ वॅटांवरही विश्वास बसतो. पण चालू असताना हीटर १२ व्होल्ट गुणिले १ अँपिअर म्हणजे १२ वॅट घेतो, आणि निम्मा वेळ घेतो, म्हणजे खरी सरासरी ६ वॅट. सरासरींचा गुणाकार हा गुणाकाराची सरासरी नसतो. चालू वेळ चतुर्थांश केला तर मीटरच्या हिशेबाने ०.७५ वॅट आणि खरे ३ वॅट, चौपट फरक. ‘ट्रू आरएमएस’ मीटर असला तरी त्याची एसी रेंज अनेकदा डीसीचा भाग गाळून टाकते आणि निम्म्या चालू वेळेला पुन्हा ६ व्होल्टच दाखवते; खरे आरएमएस ८.४९ व्होल्ट असते. मी अशा वेळी पीडब्ल्यूएम पूर्ण चालू ठेवून १२ वॅट मोजतो आणि चालू वेळेच्या प्रमाणाने गुणतो.

किती फरक म्हणजे फरक

वरचे सगळे पाहून झाल्यावरही आकडे थोडे वेगळे राहतात, आणि राहणारच. व्होल्टेजचे वाचन १ टक्का आणि करंटचे १.५ टक्के इतपत विश्वासाचे असेल, तर त्यांच्या भागाकारात किंवा गुणाकारात अडीच टक्क्यांपर्यंत चूक येऊ शकते. मोजलेल्या करंटचा वर्ग करून त्याला पट्ट्यांवरून वाचलेल्या, पाच टक्के टॉलरन्सच्या रोधाने गुणले तर तीच मर्यादा ८ टक्क्यांवर जाते, कारण वर्ग केल्याने करंटची चूक दुप्पट होते. म्हणून व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजता येत असतील तर शक्तीसाठी सरळ त्यांचा गुणाकार घ्यावा, छापील रोध मध्ये आणू नये. कॅल्क्युलेटरवरचे ३४.८१०१२६ जसेच्या तसे उतरवण्यातही अर्थ नाही; असा मीटर तिसऱ्या आकड्यापुढे काही सांगतच नाही. त्या तापपट्टीचे ६.०२ आणि ६.०३ हे दोन आकडे मी वहीत एकच म्हणून लिहिले आहेत, पुढे मात्र प्रत्येक मोजमापाच्या वेळी प्रोब कुठे टेकवले होते आणि मीटर कोणत्या रेंजवर होता ते नोंदवले आहे.